शरयू देवळात आहे

समीरचा फोन आला तेव्हा मी अळूच्या पानांच्या शिरा काढत बसले होते. "काकू... आई गेली," एवढंच तो म्हणाला. अशा वेळी माणसं रडतात, देवाचं नाव घेतात, निदान 'अरे, कधी?' असं तरी विचारतात. माझ्या तोंडून निघालं, "सेव्ह करून गेली ना रे?" इकडे माझी सून ओट्यापाशी उलथनं हातात धरून माझ्याकडे बघतेय, की सासूबाईंचंही सुरू झालं वाटतं. मग समीर एकदम हसला आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. "माहीत नाही, काकू... आत्ता मशीन लावून कोण बघणार?" मी पानं तशीच टाकली, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. त्यांची बिल्डिंग आणि आमची बिल्डिंग यांच्यामध्ये नाहूरचा एक रस्ता आणि एक इस्त्रीवाला, एवढंच अंतर. तेवढ्या रस्त्यात मला दुसरं काही सुचलं नाही. एकच डोक्यात घुमत होतं. ती आत आहे, की बाहेर?

आता हे वाचून तुम्हीही माझ्या सुनेसारखं बघणार, म्हणून नीट सांगते. समीरची आई शरयू मुलुंडच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवायची. जन्मभर तेच केलं. तिच्या पुस्तकात ग्रीसचा एक धडा होता आणि धड्यात अथेन्सच्या टेकडीवरच्या देवळाचं एक चित्र. पार्थेनॉन, अथीना देवीचं देऊळ. चित्र असं पुसट, की खांब आहेत की चाळीचे कठडे आहेत ते कळू नये. दर वर्षी कोणीतरी कार्टं उठून विचारायचंच, "बाई, आत काय आहे?" शरयू सांगायची, "देवी." की लगेच पुढचा प्रश्न, "मग दिसत का नाही?" शरयू मला म्हणायची, "इंदू, त्या चित्राला आतलं काही नाहीच गं. आणि मी दर वर्षी छातीठोकपणे सांगते, आत देवी आहे म्हणून." आपण स्वतः एकदा बघावं असं तिच्या मनात फार होतं. पण आधी समीरचं शिक्षण, मग नवऱ्याचं आजारपण, तो गेल्यावर शाळेची शेवटची वर्षं, आणि शाळा सुटली तेव्हा हातांना कंप सुटायला लागला. ग्रीस आपलं होतं तिथेच राहिलं.

आमची ओळख झाली तेव्हा मी नवी नवरी होते आणि माझ्याइतकी हास्यास्पद नवरी त्या काळात अख्ख्या उपनगरात नसेल. मालवणजवळच्या गावात जन्म, बाप गिरणीत, लग्नानंतर मी घाटकोपरच्या एका कचेरीत टायपिस्ट. म्हणजे माणूस म्हणून बरी होते. पण मला व्हायचं होतं सुसंस्कृत. आणि सुसंस्कृत म्हणजे शरयू, हे मी ठरवून टाकलं होतं. ती निळी शाई वापरायची, तर मीही निळी शाई. ती चहात साखर घ्यायची नाही, म्हणून मी तसला कडू काढा तोंड वाकडं न करता प्यायचे आणि घरी येऊन गुपचूप गूळ खायचे. एका मे महिन्यात तिला मी हौसेने आमच्या गावी नेलं. आमच्या गावचं देऊळ म्हणजे निळं, गुलाबी, पोपटी... रंगाचा जो डबा हाताला लागेल तो फासायचा, असा कारभार. खांबांवर वेलबुट्टी, दारावर दोन द्वारपाल, त्यांच्या मिशा ऑइलपेंटने काळ्याकुळकुळीत. शरयूने देवाला नीट हात जोडले आणि बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, "रंग जरा जास्तच झालाय, नाही गं? ग्रीकांची देवळं बघ. नुसता पांढरा संगमरवर. सौंदर्य म्हणजे संयम." आणि मी! ज्या देवळाच्या पायऱ्यांवर माझे गुडघे फुटून बरे झाले, त्याच्याकडे पाठ करून मी मान डोलावली. जशी काही माझी नाळ अथेन्सलाच पुरली होती.

एवढ्यावर थांबते तर मी कसली! मुंबईला परत आल्या आल्या मी घरचा लाल-हिरवा देव्हारा घासून पांढरा रंगवला. वर घाटकोपरच्या फुटपाथवरून प्लास्टरची एक बिनहातांची पांढरी बाई आणून शोकेसमध्ये उभी केली. सासूबाई गावाहून आल्या. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "देवाचां रगात आटलां काय गो?" मग शोकेसकडे वळल्या. "आणि ह्या बायचे हात खंय गेले?" शरयूला विचारून सांगते, असं मी म्हणाले. खरंच म्हणाले! सासूबाई त्यानंतर माझ्याशी बोलताना जरा सांभाळून बोलायच्या, आजारी माणसाशी बोलतात तसं.

माझ्या शहाणपणाचा आणखी एक पुरावा तुम्ही वाचताय त्या याच पुरवणीच्या जुन्या गठ्ठ्यात कुठेतरी सापडेल. मुलांच्या हातातल्या खेळाच्या यंत्रांवर अस्मादिकांचा एक लेख इथे छापून आला होता. उद्याची पिढी अंगठ्यापुरती उरेल, असं भाकीत मी त्यात केलं होतं आणि ही यंत्रं ठाण्याच्या खाडीत नेऊन टाका, असा तमाम मातांना सल्ला दिला होता. फोटोत मी हनुवटीखाली मूठ धरली होती, विचारवंत दिसावं म्हणून. दिसले मात्र दाढ दुखत असल्यासारखी. शरयूने तो लेख मला शेवटपर्यंत पचू दिला नाही. पुढे म्हातारपणी मी तिच्या घरी गेमचा रिमोट हातात घेतला की ती म्हणायची, "जपून गं इंदू. खाडी लांब नाही." समीर सुधारायचा, "आई, रिमोट नाही, कंट्रोलर." ती म्हणायची, "जो कंट्रोल करतो त्याने कंट्रोलर म्हणावं. आम्ही रिमोटच म्हणणार."

ते मशीन आणलं समीरने, आणि आणलं स्वतःसाठी. चाळिशी ओलांडलेला माणूस, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि रविवारी टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचा. प्राचीन ग्रीसचा गेम होता तो. पाठीला भाला लावलेली, लांब वेणीची एक बाई गल्लीबोळांतून पळतेय आणि मागे सैनिक. आम्ही दोघी मागे सोफ्यावर भिजवलेले वाल सोलत होतो. मी बघतही नव्हते. शरयूचा हात मध्येच थांबला.

"समीर, थांब. मागे फिर."

"आई, लोक लागलेत माझ्या मागे."

"लागू देत. ते वर टेकडीवर काय होतं ते दाखव."

"अगं मरेन मी!"

"मर. पण आधी ते देऊळ दाखव."

तो मेलाच. पडदा काळा झाला, आणि पुन्हा उजाडलं तेव्हा त्याने निमूटपणे त्या वेणीवाल्या बाईला टेकडीवर नेलं. देऊळ समोर आलं. तुटकं नाही, पडकं नाही... अख्खं. छपरासकट. सगळे खांब जागच्या जागी. आणि खांबांच्या वरचा सगळा भाग निळाशार, त्यात लाल पट्टे, सोनेरी कडा, वरच्या त्रिकोणात रंगवलेली माणसं, त्यांचे कपडे रंगीत, केस रंगीत, डोळ्यांत बुबुळं. आमच्या द्वारपालांसारख्या मिशा तेवढ्या नव्हत्या. शरयूच्या मांडीवरची परात कलंडली. "इंदू... अगं, हे रंगवलंय." समीरने मोबाइलवर शोधून सांगितलं की खरंच रंगवायचे म्हणे, ऊनपावसात रंग उडून गेला म्हणून आता पांढरं दिसतं. मी फक्त तिच्याकडे बघितलं, आणि मला माहीत आहे मी कसं बघितलं असेल. ती आधी ओशाळली आणि मग जी हसत सुटली! "जन्मभर मी पोरांना पांढरं सांगितलं गं! सौंदर्य म्हणजे संयम! इंदू, आपण परत मालवणला जाऊ. तुझ्या देवाची माफी मागायला हवी." मी तिथल्या तिथे गावच्या गुरवाला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "तां ऱ्हवांदे. औंदा रंग परत मारूचो आसा. बाईंका इचारा, कुठलो मारू?" शरयूने माझ्या हातातून फोन घेतला आणि टीव्हीकडे बघत एक-एक रंग सांगितला. निळा, लाल, सोनेरी.

त्याच दिवशी तिने जाहीर केलं, "मला आत जायचंय." समीर म्हणाला, "त्यात काय, मी दोन मिनिटांत नेतो." ती म्हणाली, "तू नेलंस तर तू गेलास. मी नाही." झालं. तेव्हापासून आमच्या दुपारी ठरल्या. समीर आणि त्याची बायको रूपाली कामावर, मी जेवण उरकून रस्ता ओलांडून यायचे, आणि शरयू टीव्हीसमोरच्या सतरंजीपाशी येऊन घरातल्या सपाता काढायची. नीट शेजारी-शेजारी, पुढची टोकं बाहेरच्या बाजूला, देवळाबाहेर काढतो तशा. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "तिच्या पायातलं निघत नाही गं. सगळी बटणं दाबून पाहिली. मग मी माझ्या काढते. दोघींपैकी एकीने तरी काढायला हव्यात ना." त्या वेणीवाल्या बाईला आम्ही 'बायो' म्हणायचो. गेममध्ये तिला भलतंच अवघड नाव होतं, पण आमच्याकडे कड्यावरून समुद्रात पडणाऱ्या बाईला अवघड नाव परवडत नाही.

आणि पडायची तरी किती! शरयूचा अंगठा थरथरला की बायो दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खायची. कधी कड्यावरून खाली, कधी कोणाच्या तरी शेळीला धडक, कधी भर बाजारात भाला उपसून उभी, आणि माणसं सैरावैरा. मी सोफ्यावरून ओरडत असायचे, "अगं ठेव तो भाला! पोलीस येतील!" टेकडी चढून देवळापर्यंत पोचलीच तर दारात पहारेकरी. त्या आवारात परक्याला मज्जाव. पहारेकऱ्याने पाहिलं की संपलं, तलवार घेऊन धावायचा. "मेली गं पुन्हा," शरयू शांतपणे सांगायची. मग काळ्या पडद्याकडे बघत बसायची. एकदा मी वैतागले, की रोज मरायचं काय आहे त्यात? तर म्हणाली, "ह्याच्यात मरण्याचं काही नाही, इंदू. जरा वेळ थांबावं लागतं, इतकंच."

गंमत म्हणजे दारापर्यंत पोचली की शरयू एक गोष्ट न चुकता करायची. पायरीपाशी बायोला वाकवायची. एक बटण दाबलं की ती गुडघ्यांत वाकायची, ते शरयूने नमस्काराचं बटण म्हणून पक्कं करून ठेवलं होतं. समीरने एका रविवारी बघितलं आणि हसून लोळायचा बाकी राहिला. "आई, नमस्कार नाहीये तो! ते लपायचं बटण आहे. चोर कसा दबकत जातो, तसं." शरयू म्हणाली, "चोर असो नाहीतर साव असो, पायरीला वाकल्याशिवाय मी वर चढणार नाही." आणि तेच चालू ठेवलं. पायरीला वाकायचं, पुन्हा बटण दाबून ताठ व्हायचं, दोन पावलं चालायचं... की आलाच तो तलवारवाला. आमच्या दोघींपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही की नमस्कार करून उठायचंच कशाला. देवळात शिरताना नमस्कार करून माणूस उठतोच ना!

ही गोष्ट बाहेर फुटलीच. सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे मराठे एकदा जिन्यात भेटले आणि म्हणाले, "शरयूताई, या वयात मारामारीचे खेळ? दोन माळा जप करा, मन शांत राहील." शरयू म्हणाली, "मारामारी मी कुठे करते? मलाच मारतात." मराठे जग फिरलेले गृहस्थ. ग्रीसलाही टूरबरोबर जाऊन आलेले, आणि प्रत्येक देशातलं एक चुंबक त्यांच्या फ्रिजवर. त्याच सुमारास आमच्या समोरच्या प्लॉटवर टॉवर उठला आणि शरयूच्या गॅलरीतून दिसणारे येऊरचे डोंगर गेले. मी हळहळले. ती पडदा ओढून घेत म्हणाली, "एक टेकडी गेली, एक मिळाली. चल, चढायचंय."

मग ती दुपार आली. शरयूचा हात त्या दिवशी फारच वाईट होता. चहाचा कप मीच तोंडाला लावला होता. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "हात वाईट आहे, पाय चांगले आहेत," आणि सपाता काढल्या. बायो टेकडी चढली. पायरी आली. शरयूने नमस्काराचं बटण दाबलं. बायो वाकली. आणि मग उठायला म्हणून तिने पुन्हा दाबायला घेतलं तर अंगठा बटणावर टेकेचना... नुसता बाजूने घसरतोय. तशीच वाकलेली बायो पुढे सरकत राहिली. पहारेकरी समोर. मी डोळे मिटून घेतले. काही आवाज नाही. उघडून बघते तर तो मेला दुसरीकडे बघत जांभई देतोय, आणि बायो त्याच्या कमरेच्या खालून, खांबांच्या सावलीतून, वाकलेली, दारातून आत.

आत आधी काही दिसलंच नाही. मग सोनं दिसायला लागलं, खालून वर... पावलं, पायघोळ वस्त्राच्या चुण्या, ढाल, आणि मान वर करत जावी तो फार वर चेहरा. पुढ्यात पाण्याचं उथळ कुंड आणि त्यातून उठलेला उजेड तिच्या अंगावर हलतोय. शरयू वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "मुलांनो... आत अंधार आहे. आणि अंधारात ती उभी आहे." थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता, "मी खोटं नव्हते सांगत गं." मग पदराने नाक पुसलं आणि रिमोट घट्ट धरला. देवीच्या मागून खांबांची रांग फिरून येत होती. शरयू म्हणाली, "जागा ठेवलीय बघ." आणि तिने बायोला प्रदक्षिणेला काढलं. मी भानावर येऊन ओरडले, "अगं उलट्या बाजूने चाललीस! देवी उजव्या हाताला ठेव!" बायो खांबावर आपटली, वळली, आणि वाकून, झोकांड्या खात, बरोबर दिशेने पुरी प्रदक्षिणा घालून आली.

त्यानंतर रोज. फक्त एक अडचण होती. ते मशीन आपण होऊन बायोची जागा लक्षात ठेवायचं ते टेकडीच्या पायथ्याशीच. देवळातच ठेवायची असेल तर जाताना आपण सेव्ह करायचं. आणि सेव्हच्या खालीच लोड. लोड दाबलं गेलं की चालली पुन्हा पायथ्याशी. ते काम माझं होतं, माझा अंगठा स्थिर म्हणून. शेवटच्या दुपारी शरयू कुठे गेलीच नाही. बायोला कुंडाशी ठेवून नुसती वर बघत बसली. तेवढ्यात माझ्या सुनेचा फोन, गॅसवाला सिलिंडर घेऊन खाली उभाय, मी बाहेर आहे, तुम्ही लवकर या. मी म्हटलं, थांब, सेव्ह करून जाते. शरयू म्हणाली, "जा तू. मी करते."

"हात बघ तुझा."

"ह्याच हातांनी हजारभर पोरांची प्रगतिपुस्तकं भरलीत. जा. तो सिलिंडर परत नेईल."

दारातून वळून बघितलं तर तिने रिमोट उचलून मला टाटा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी समीरचा फोन आला. चहा घेता घेता गेली. माझ्या तोंडून ते वाक्य का निघालं, हे आता तुम्हाला कळलं असेल.

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. शरयूच्या हाताखालून गेलेली, डोक्यावर टक्कल पडलेली मुलं येऊन रडून गेली. मग मराठे उभे राहिले. चांगलंच बोलायला उभे राहिले होते, मी नाही म्हणत नाही. पण म्हणाले, "ग्रीस शिकवलं जन्मभर, पण बिचारीचं ग्रीस राहूनच गेलं. शेवटी शेवटी त्या खेळण्यात जीव रमवत होत्या. चालायचंच." बिचारी! मी उभी राहिले. माझे गुडघे उठताना वाजतात, त्यामुळे सगळ्यांनी मागे बघितलं.

"मराठे, तुम्ही गेलात ना त्या देवळाला?"

"हो तर. फोटो आहेत."

"आत गेलात?"

"आत? आत कुठे सोडतात हो! दोर लावलाय. आणि आत आहे काय? छप्परसुद्धा नाही."

"मग तुम्ही बाहेरून आलात. शरयू आत गेली. छपराखाली. रोज प्रदक्षिणा घातली तिने, देवी उजव्या हाताला ठेवून. आणि ती अजून आत आहे. बिचारी कोणाला म्हणायचं ते ठरवा."

हॉलमध्ये कोणाला काही कळलं असेल असं नाही. रूपालीने मात्र रुमाल तोंडाशी धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी खाली बसले. भर सभेत बोलून बसले होते मी, अजून आत आहे म्हणून. आणि मला कुठे माहीत होतं?

बरेच दिवस ते मशीन कोणी लावलं नाही. रूपालीने त्यावर टेबलावरचा रुमाल टाकून ठेवला होता. मीही विषय काढत नव्हते. बघितलं नाही तोवर ती आतच होती, असा माझा हिशेब. मधल्या काळात गुरवाने मोबाइलवर आमच्या देवळाचा फोटो पाठवला. निळं, लाल आणि कडा सोनेरी. द्वारपालांच्या मिशांनाही त्याने सोनेरी हात मारलाय. तो फोटो मी समीरला दाखवला. त्याने खूप वेळ बघितला आणि म्हणाला, "काकू... लावू या का?"

सतरंजीच्या कडेला शरयूच्या सपाता तशाच होत्या. रूपाली त्यांच्याभोवतीनं केर काढते, हलवत नाही. मी माझ्या चपला दाराशी काढायला विसरले होते, त्या तिथे काढल्या, तिच्या सपातांशेजारी. समीरने मशीन चालू केलं, मी रिमोट उचलला. पडदा काळा... मग समुद्राचा आवाज, मग ऊन. ऑलिव्हची झाडं. बायो टेकडीच्या पायथ्याशी ताठ उभी, वेणी वाऱ्यावर हलतेय. वर लांब देऊळ.

"आईने लोड दाबलं असणार," समीर अगदी हळू म्हणाला. मग डोळे पुसून हात पुढे केला. "द्या काकू, मी नेतो. दोन मिनिटांत..."

"तू नेलंस तर तू गेलास," मी म्हटलं.

आणि रिमोट माझ्याच हातात ठेवला. आजवर मी सोफ्यावरून नुसती आरडाओरड केली होती आणि सेव्हचं बटण दाबलं होतं. बायोला मी पहिल्यांदाच चालवत होते. आधी तिला शेळीवर घातलं. मग भाला उपसला. मग एका भिंतीशी तोंड करून कितीतरी वेळ चालत राहिले. समीर म्हणाला, "काकू, वळा. काकू, भिंत आहे ती." टेकडी चढले, पायरीला वाकले, आणि काय सांगू... माझा अंगठा स्थिर आहे हो, हीच माझी पंचाईत. शरयूच्या अंगठ्याला उठता आलं नाही म्हणून ती वाकून राहिली. माझा अंगठा धडधाकट, त्याला उठायची खुमखुमी. उठला. तलवारवाला धावत आला. पडदा काळा. समीर म्हणाला, "मेली." आणि आम्ही दोघेही काळ्या पडद्याकडे बघत बसलो. जरा वेळ थांबावं लागतं, इतकंच... थांबलो.

पुन्हा गेले. पुन्हा मेले. एकदा तर दारात पोचून घाबरून उडी मारली. रूपाली ऑफिसमधून आली ती पर्स खांद्याला तशीच लटकवून उभी राहिली आणि तीही ओरडायला लागली, "वाकून, काकू! उठू नका! अजिबात उठू नका!" शेवटी मी तो अंगठा बटणापासून पार लांब धरला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. जिवाचं सगळं बळ त्या एका अंगठ्यात. एके काळी हनुवटीखाली मूठ धरून एक शहाणी बाई म्हणाली होती, की पिढी अंगठ्यापुरती उरेल. ती बाई त्या क्षणी खरोखर अंगठ्यापुरती उरली होती, आणि आयुष्यात इतकी कामाची कधी झाली नव्हती. पहारेकऱ्याने जांभई दिली. खांबांच्या सावल्या एकेक करून मागे गेल्या. अंधार आला. आणि अंधारात ती उभी होती.

प्रदक्षिणा घातली, देवी उजव्या हाताला ठेवून. मग बायोला कुंडाशी आणून सोडलं, वाकलेलीच, शरयू ठेवायची तशी. समीरने पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली, मी सेव्ह दाबलं, आणि झालं की नाही ते तिघांनीही पुन्हा पुन्हा पाहिलं. मी समीरला बजावलं, तुला खेळायचंय तर तुझं नवं सुरू कर, लढाया जिंक, राज्यं घे, हिला हात लावायचा नाही. तो म्हणाला, "नाही लावणार, काकू." मराठ्यांना काही सांगायची गरज उरली नाही. मी सभेत बोलले होते ते खरं होतं. थोडं आधी बोलले होते, एवढंच.

घरी आले तर सुनेने माझ्या पायांकडे पाहिलं. भर रस्त्यातून, इस्त्रीवाल्यासमोरून, मी अनवाणी आले होते.

"आई, चपला?"

"देवळाबाहेर राहिल्या," मी म्हटलं.

"मग आणू का जाऊन?"

"नको. असू देत तिथेच. माझं रोजचं जाणं-येणं आहे."